पाण्यावरची चकाकी, पाण्याखालचा मासा

हिवाळ्यातली सकाळ, साडेदहाचा सुमार. तापोळ्याच्या खोऱ्यातलं धुकं वर गेलंय आणि कोयनेच्या फुगवट्यावर ऊन उतरलंय. गळ टाकून बसलेल्या दोन माणसांच्या डोळ्यांवर काळे गॉगल आहेत, दिसायला अगदी सारखे. तरी एकाला समोर फक्त झळझळणारा पत्रा दिसतो. दोरी पाण्यात कुठे शिरली ते त्याला कळत नाही, हाताच्या अंतरावर बुडालेलं झाडाचं खोडही कळत नाही. कपाळाला आठ्या पडतात, डोळे चुरचुरायला लागतात. दुसरा मात्र बोट दाखवून म्हणतो, “ते बघा, त्या दगडाच्या सावलीत आलाय.”

पहिल्याचा गॉगल नुसता काळा आहे. दुसऱ्याचा पोलराइज्ड आहे.

हा फरक समजायला खिडकीचे उभे गज डोळ्यांसमोर आणावेत. काठी उभी धरली तर गजांमधून आत जाते, आडवी धरली तर अडते. सूर्याच्या प्रकाशलहरी सगळ्या दिशांनी थरथरत असतात. पण तो प्रकाश तिरपा येऊन संथ पाण्यावरून उसळला, की त्यात आडवं थरथरणं फार उरतं. डोळे दिपवणारी चकाकी ती हीच. पोलराइज्ड भिंगातल्या पापुद्र्याचे ‘गज’ उभे असतात, म्हणून आडवा प्रकाश तिथेच अडतो. पाण्याच्या आतून, माशाच्या अंगावरून येणारा प्रकाश असा एकाच दिशेला बांधलेला नसतो. त्यातला बराचसा डोळ्यांपर्यंत पोहोचतो. साधा काळा गॉगल चकाकी आणि मासा दोघांनाही सारखंच अंधुक करतो, त्यामुळे झाकलेलं झाकलेलंच राहतं.

ही युक्ती सगळीकडे सारखी चालत नाही. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये दाखवून दिलं, की प्रत्येक पारदर्शक पदार्थाचा एक ठरावीक कोन असतो आणि त्या कोनातून उसळलेला प्रकाश जवळजवळ पूर्ण आडवा होतो. पाण्यासाठी तो कोन उभ्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांचा. काठावरच्या माणसासाठी हिशेब सोपा आहे: डोळे पाण्यापासून जितके उंच, त्याच्या सव्वापटीहून थोडं जास्त अंतर पुढे बघायचं. पाण्यालगत उभं राहिलं आणि डोळे दीड मीटरवर असले, तर साधारण दोन मीटर पुढचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसेल. सहा मीटर उंच कातळावर उभं राहिलं तर तीच जागा दहा मीटरवर जाते. जाणते लोक पाण्याकडे बघताना मान थोडी डावी-उजवीकडे कलवतात, तेही याच कारणाने. लाटेने पाण्याचा पृष्ठभाग कलला, की ‘गज’ही तेवढेच कलवावे लागतात.

या युक्तीचा एक धागा मुंबई बंदराशी जुळतो. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपातून बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, ही तेव्हाची रूढ समजूत त्यांना पटत नव्हती. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे स्फटिकाचा पोलरायझर. तो डोळ्यांशी धरून त्यांनी नेमक्या कोनातून पाण्याकडे पाहिलं आणि वरची चकाकी काढून टाकली. आकाशाचं प्रतिबिंब गेलं तरी निळाई राहिलीच! ‘नेचर’ला त्यांनी पाठवलेल्या टिपणावर ‘नारकुंडा’ बोटीचं नाव आहे आणि मुंबई बंदर, २६ सप्टेंबर अशी नोंद आहे. गळवाला मासा शोधण्यासाठी जे करतो, तेच रामन यांनी समुद्राचा रंग शोधण्यासाठी केलं होतं.

दुसरा धागा थेट महाबळेश्वरच्या मातीतला आहे. १८५२ मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका विद्यार्थ्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रात आयोडीन टाकलं, तेव्हा बारीक हिरवट स्फटिक तयार झाले. दोन स्फटिक एकमेकांवर आडवे-उभे पडले की तिथे काळोख होतो, हे हेरापाथ यांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेतल्या तरुण एडविन लँड यांनी असे लक्षावधी सूक्ष्म स्फटिक एका दिशेने बसवून पातळ पत्रा तयार केला. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये ‘पोलरॉइड’ कंपनी उभी राहिली. म्हणजे पहिल्या पोलराइज्ड पत्र्याच्या पोटात क्विनीन होतं. आणि ज्या सिंकोनाच्या सालीतून क्विनीन निघतं, त्या झाडाची लागवड एकोणिसाव्या शतकात इथल्याच लिंगमळ्याला सरकारने करून पाहिली होती. ती साधली नाही. लिंगमळ्याचा धबधबा बघायला जाणाऱ्यांनी डोळ्यांवरच्या काचेचं हे जुनं गणगोत जरूर आठवावं. आजच्या भिंगात मात्र क्विनीन नसतं. ताणलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्यात आयोडीन किंवा रंगद्रव्य बसवलेलं असतं.

आता खरेदी. सर्वांत घातक गैरसमज असा, की जितका काळा तितका चांगला. काळ्या भिंगामागे डोळ्याची बाहुली मोठी होते. भिंग अतिनील किरण अडवत नसेल, तर उघड्या डोळ्यापेक्षाही जास्त किरण आत जाऊ शकतात. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं हे दोन वेगळे गुण आहेत, म्हणून दोन्हींची खात्री करावी. लेबलवर ‘यूव्ही ४००’ किंवा १०० टक्के यूव्हीए-यूव्हीबी संरक्षण असं लिहिलेलं असावं. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरणांचा जोर साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. गार वारा अंगाला लागतो म्हणून इथलं ऊन सौम्य वाटतं, डोळ्यांना ते सौम्य नसतं. लहान मुलांना पाण्यावर नेताना खेळण्यातले काळे गॉगल घालणं तर खरोखरच टाळायला हवं.

गडदपणाचे ० ते ४ असे वर्ग असतात. भर उन्हातल्या पाण्यासाठी वर्ग ३ पुरतो. त्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. वर्ग ४ गाडी चालवताना वापरायचा नसतो. पसरणी किंवा आंबेनळी घाटातून परतायचं असेल, तर हे दुकानातच बघून घ्यावं.

रंगाच्या बाबतीत जाहिरातीपेक्षा आपल्या पाण्याचं ऐकावं. राखाडी भिंग रंग जसेच्या तसे ठेवतं. उघडा समुद्र, रत्नागिरी-मालवणची होडी यांसाठी ते उत्तम. आपल्याकडच्या नद्या आणि धरणं वेगळी आहेत. कृष्णेच्या डोहात, धोमच्या काठाला किंवा सांगलीच्या घाटावर पाणी हिरवट-तपकिरी असतं आणि तळ गाळाचा. तिथे तांबूस किंवा तपकिरी भिंग सरस ठरतं, कारण ते निळसर धूसरपणा कापतं आणि माशाची पाठ तळापासून उठून दिसते. पहाटे किंवा धुक्यात बसायची सवय असेल, तर पिवळट, फिकट भिंग घ्यावं. एकच जोडी घेणं परवडत असेल, तर या घाटमाथ्यासाठी तपकिरीच घ्यावी. वरचा आरशासारखा मुलामा थोडा प्रकाश परतवतो, पण त्याने भिंग पोलराइज्ड होत नाही.

काचेचं भिंग स्वच्छ दिसतं आणि त्यावर सहज ओरखडे पडत नाहीत, पण ते जड असतं आणि फुटतं. पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात, मात्र ते आघात सोसतं. झटका बसून सुटलेला गळ थेट चेहऱ्यावर येऊ शकतो, त्यामुळे गळवाल्यासाठी हा गुण मोठा आहे. फ्रेम गालाला आणि कानशिलाला बिलगणारी हवी. बाजूने शिरलेला प्रकाश भिंगाच्या आतल्या बाजूवरून उसळतो आणि सगळी कमाई घालवतो. रुंद काठाची टोपी आणि मानेमागची दोरी यांवर खर्च थोडा होतो, उपयोग रोजचा. नंबरचा चष्मा असलेल्यांनी नंबरचंच पोलराइज्ड भिंग करून घ्यावं. ते जमेपर्यंत चष्म्यावर अडकवायची जोडी चालते.

मग ‘पोलराइज्ड’ असा स्टिकर लावलेला गॉगल खरा की खोटा? दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागून घ्यावा. गॉगल डोळ्यांसमोर धरून त्याच्या पडद्याकडे बघत हळूहळू फिरवावा. खऱ्या भिंगातून एका कोनात पडदा काळा पडतो. तसं झालं नाही तर स्टिकरवर पैसे घालवू नयेत. दुसरी परीक्षा दुकानाच्या दारातच होते. गॉगल नीट घालून समोरच्या मोटारीच्या टपाची चमक एकदा डाव्या, एकदा उजव्या डोळ्याने बघावी. दोन्हीकडे ती सारखीच कमी झाली पाहिजे. एका भिंगातून कमी आणि दुसऱ्यातून जास्त दिसली, तर पापुद्रा तिरका बसलाय आणि दिवसभरात डोकं दुखणार.

घेतलेला गॉगल शर्टाच्या टोकाने कोरडा पुसणं म्हणजे वाळूने घासणंच. आधी पाण्याने धुवावा, मग मऊ कापडाने टिपावा.

गॉगलने न होणाऱ्या गोष्टीही आहेत. आषाढातलं तांबडं गढूळ पाणी कुठल्याही भिंगाला पारदर्शक होत नाही. मासा दिसतो त्याहून खोल असतो. वरून बघताना चार हात खोलीवरचा मासा तीनच हातांवर भासतो. आणि तो दिसला म्हणून पकडायचा हक्क मिळत नाही. धरणांतली मासेमारी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा, एक काठ १९८५ सालापासून कोयना अभयारण्यात आहे आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. तिथे वनखात्याचे नियम चालतात.

पोलराइज्ड गॉगल घेऊन एकदा तरी जावं अशी जागा मात्र घाटाखाली आहे. आंबेनळीने पोलादपूर ओलांडून महाडकडे गेलं, की सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड लागते. तिथले महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानतात आणि त्यांना कुणी गळ लावत नाही. दख्खनच्या या माशाला ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक सायक्स यांनी १८३९ मध्ये ‘खुद्री’ असं शास्त्रीय नाव दिलं, तेही इथल्याच लोकांच्या तोंडचं. झुलत्या पुलावरून उघड्या डोळ्यांनी बघितलं तर आकाशच दिसतं. गॉगल चढवून मान जराशी कलवली, की आकाश बाजूला सरतं आणि खालच्या हिरव्या डोहात हातभर लांबीच्या पाठी एकामागोमाग वळताना दिसू लागतात. वरून कुणीतरी मूठभर कुरमुरे टाकतं, आणि त्या सगळ्या एकदम वर येतात.