जुन्या मोटारीचे इंजिन तापणे आणि कूलंट कमी होणे : निदानाचा क्रम

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी हे आपले उदाहरण आहे. तिच्या १०८९ घनसेंमी इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम तापल्यावर जास्त प्रसरण पावते. म्हणून इंजिन फार तापले की हेड वाकते आणि हेड गॅस्केट जाते. निदान करताना आधी एकच प्रश्न विचारा : कूलंट गेले म्हणून इंजिन तापले, की इंजिन तापले म्हणून कूलंट गेले?

१. दाब आणि उत्कलनबिंदू

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. येथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९७° से. तापमानाला उकळते. रेडिएटरच्या टोपणाने बाहेरच्या हवेपेक्षा अर्धा बार जास्त दाब धरला, तर उत्कलनबिंदू सुमारे ११०° से. होतो. टोपणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली, तर चांगल्या इंजिनातले पाणीही चढावर उकळून बाहेर जाते.

सावधान : गरम इंजिनाचे टोपण उघडू नका. दाब सुटताच पाणी उसळून अंगावर येते व गंभीर भाजते.

२. गळतीची तपासणी (इंजिन थंड असताना)

कूलंट भरून टोपणाच्या जागी हातपंपाचा दाबमापक लावा. टोपणावर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त दाब देऊ नका. दहा मिनिटे थांबा.

• दाब टिकला : टोपण वेगळे तपासा.
• दाब उतरला, ओल दिसली : होज पाइप, क्लिपा, रेडिएटरचे जोड व वॉटर पंपाचे सील पाहा.
• दाब उतरला, ओल नाही : हेड गॅस्केटचा संशय घ्या. ऑइल दुधाळ होणे, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहणे, ही त्याची लक्षणे. सकाळी सुरुवातीला दिसणारी थोडी वाफ मात्र नैसर्गिक आहे.

३. गळती नसेल तर

सिग्नलवर उभी असताना गाडी तापत असेल, तर हवा कमी पडते : पंख्याचा पट्टा व रेडिएटरची जाळी पाहा. वेगात किंवा चढावर तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह, थर्मोस्टॅट आणि इग्निशन टायमिंग तपासा. वर्षानुवर्षे बोअरवेलचे कठीण पाणी भरल्यास क्षारांचा थर नळ्या अरुंद करतो. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरा.

स्वाध्याय : दाब टिकतो, टोपणही चांगले आहे, तरी घाटात कूलंट कमी होते. आधी काय तपासाल? कारण लिहा.