काट्यावर न दिसलेलं बाळ

कौंडण्यपुरातल्या आमच्या ओळखीच्या अंगणवाडीताई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा अजून भरलेली नाही. जाताना म्हणाल्या, "भाऊ, काट्यावर वजन दिसते, लेकराच्या डोक्यात काय चाल्लं, ते कसं कळन?"

ते कळायची सोय झाली, त्याला बरीच वर्षं लोटली. 1977 मध्ये फ्रान्स योबसिस यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं, की लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती, ते सांगतो. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी जाग्या बाळांना चित्रं दाखवून हेच मोजलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे ताजं रक्त धावतं. टोपीत बसवलेले बारीक दिवे आणि संवेदक तेवढं टिपतात. तान्ह्याची कवटी पातळ, जावळ विरळ, त्यामुळे प्रकाशाला अडसर कमी. बाळ आईच्या मांडीवरच असतं. भूल नाही, एमआरआयचा खडखडाट नाही. दिसतो तो मेंदूचा वरचा थर, पण तोही थोडा नव्हे.

लंडनमध्ये हे चाललं, ते नव्वदचं दशक मी इथेच, अमरावती जिल्ह्यात काढलं. 1993 मध्ये मेळघाटातले बालमृत्यू गाजले आणि गाड्यांचे ताफे घाट चढू लागले. झोळीच्या काट्यात रडणारं लेकरू, कागदावर कुपोषणाची 'तिसरी श्रेणी', 'चौथी श्रेणी', आणि बाहेर वाद एकच: भुकेनं गेलं की न्यूमोनियानं? कुणी सगळं खापर तिथल्या कोरकू आदिवासींच्या रूढींवर फोडलं. ती शुद्ध पळवाट होती, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तिकडे गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्यानं गावातल्याच बायांना शिकवून नवजातांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. पण जे लेकरू जगलं, त्याच्या मेंदूवर उपासमारीनं काय केलं, हे आमच्याकडे कुणी विचारलंच नाही. जगलं, म्हणजे फाइल बंद.

याच्या जवळचा प्रश्न, गरिबी मेंदूवर काय करते हा, रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगडमध्ये विचारला गेला. तिथे हेच प्रकाशानं मेंदू मोजणारं यंत्र नेऊन चार महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतची मुलं तपासली. 2019 चा निष्कर्ष असा: जिथे आईचं शिक्षण आणि घरची मिळकत कमी, तिथल्या मुलांच्या मेंदूची हालचाल मंद, आणि पाहिलेलं लक्षात ठेवताना त्यांचं चित्त लवकर ढळतं.

नव्वदच्या दशकात मेळघाटात वाचलेली बाळं आता स्वतः आईबाप झाली. त्यांच्या लेकरांच्या कार्डावरही रकाने शरीराच्या मापांचे: वजन, उंची, दंडाचा घेर.