दगड, दप्तर आणि धवला
लेखमाला: उल्हासकाठच्या विस्मृत स्त्रिया – लेखांक ५

गावाच्या इतिहासात माणसाचे नाव टिकायचे असेल, तर ते कुठेतरी कोरलेले, लिहिलेले किंवा गायलेले असावे लागते. खरवई, कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण या पट्ट्यात तिन्ही प्रकारची साधने आहेत. स्त्रिया त्या प्रत्येकात आहेत, पण त्यांची नावे फार थोड्या ठिकाणी आहेत. त्यांचे स्मरण करायचे, तर कोणत्या साधनात काय मिळते आणि काय मिळत नाही हे आधी पाहावे लागते.

दगडावरच्या स्त्रिया

या भागातला सर्वांत प्रसिद्ध दगडी पुरावा म्हणजे वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तो उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी राजाच्या काळातला असल्याने मंदिराबरोबर राजाचे नाव आजही घेतले जाते. याच मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर स्त्रियांच्या कितीतरी मूर्ती आहेत. पण त्या देवी आहेत किंवा सुरसुंदरी. गावात राहिलेल्या, नाव-गाव असलेल्या बाईचे ते चित्रण नव्हे.

शिलाहार काळापासून कोकणात आढळणारे गधेगाळ हे याच गोष्टीचे दुसरे टोक. दानपत्राची अट मोडणाऱ्याला दिलेली शिवी या दगडावर शिल्परूपात कोरलेली असते. तीत गाढव आणि स्त्री असते. ही स्त्री म्हणजे अट मोडणाऱ्याची आई. दान देणाऱ्याचे नाव लेखात येते, शिवी मात्र एका अनामिक आईच्या वाट्याला जाते. सतीशिळेवर काटकोनात दुमडलेला, चुडा भरलेला हात असतो. तो हात कोणाचा, हे बहुतेक सतीशिळा सांगत नाहीत.

दप्तरातल्या नोंदी

दगडानंतरचे साधन म्हणजे महसुली दप्तर. महाराष्ट्रातील गावांच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘कोतवाल बुका’त मिळतात. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही बुके पुन्हा लोकांच्या हाती आली. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच असते, कारण बारशाच्या आधीच नोंद झालेली असते. पुढे तिचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरात येते, तेही ती शाळेत गेली असेल तर. लग्नानंतर आडनाव बदलते, अनेक घरांत पाळण्यातले नावही बदलले जाते, आणि दप्तरातल्या दोन नावांमागे एकच बाई आहे हे सांगणारा कागद राहत नाही.

जमिनीच्या कागदांत मुलीचे नाव येते ते बहुधा वडिलांच्या मृत्यूनंतर. वारस नोंदीच्या फेरफारात भावांबरोबर बहिणींची नावे लागतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, १९९४ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीचा हक्क टप्प्याटप्प्याने वाढला, तशी ही नावेही कागदावर वाढली. वारस नोंदीच्या मागोमाग येणारा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. बहिणीचे पूर्ण नाव, वय, सासरचे गाव आणि सही किंवा अंगठा हे सगळे त्यात एकत्र मिळते. अनेक स्त्रियांच्या बाबतीत गावाच्या दप्तरातली सर्वांत तपशीलवार नोंद ही त्यांनी हक्क सोडल्याची असते. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला हाच कागद माहेर आणि सासर जोडून देतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांत अनिवार्य केला. पुढच्या पिढ्यांना आईचे नाव शोधावे लागणार नाही. त्याआधीच्या पिढ्यांचे काम शिल्लकच आहे.

कल्याणची यमुना

नाव कसे टिकते याचे या परिसरातले सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना ही कल्याणच्या जोशी घराण्यातली मुलगी. नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकण्याच्या तिच्या निश्चयामागे हे दुःख होते. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी फिरती झाली. तिच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेले पत्र एका अमेरिकन मिशनरी नियतकालिकात छापून आले. ते न्यू जर्सीतल्या रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी परदेशी जाण्यामागची कारणे भाषणातून मांडली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून त्यांना एम. डी. पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक झाली होती, पण क्षयाने त्यांना तिथपर्यंत पोहोचू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर राहिला होता.

या मृत्यूनंतर काय झाले, हा स्मरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्यांना स्थान मिळाले. कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनहून निघाले. पाठोपाठ १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र आले. ज्या काळात स्त्रीने लिहिणे हेच धाडस होते, त्या काळात एका बाईने दुसरीचे चरित्र लिहिले. पुढच्या सगळ्या आठवणींचा पाया अशा रीतीने तीन स्त्रियांनी दोन-तीन वर्षांत घातला: एकीने कबरीला जागा दिली, दोघींनी पुस्तके लिहिली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ ची आणि अंजली कीर्तने यांचे संशोधनपर चरित्र १९९७ चे. समीर विद्वांस दिग्दर्शित चित्रपट २०१९ मध्ये आला. शुक्र ग्रहावरील विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यानुसार तिथल्या सुमारे ३४ किलोमीटर व्यासाच्या एका विवराला ‘जोशी’ हे नाव मिळाले.

या उदाहरणातून एक सावधगिरीही शिकता येते. ‘भारतातील पहिली स्त्री डॉक्टर’ असे सरसकट लिहिले जाते, पण १८८६ हेच वर्ष कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्याचेही आहे. पोकीप्सीच्या दगडावरचा दावा याहून नेमका आहे: शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री. स्मारकावर ‘पहिली’ हा शब्द कोरण्याआधी ती बाई कशात पहिली, कुठे आणि कोणत्या पुराव्यावर, हे ठरवावे लागते.

गाण्यातल्या स्त्रिया

आनंदीबाईंची पत्रे जपली गेली. निरक्षर बाईच्या मागे पत्रे नसतात. तिच्या मागे गाणी राहतात. ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचे गाणे, तिला पाठ असतो आणि तिच्या गाण्यावर विधी चालतो. म्हणजे ती पुरोहिताचे काम करते. ‘धवळा’ हा शब्द मराठी साहित्यात फार जुना आहे: तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे प्रसिद्ध आहेत आणि तिला आद्य मराठी कवयित्री मानतात. महदंबेचे नाव पोथ्यांनी राखले. धवलारणीचे नाव मात्र लग्नपत्रिकेत छापले जात नाही, त्यामुळे तिच्यानंतर दोन पिढ्यांत ते पुसले जाते, गाणे मागे राहिले तरी.

जात्यावरच्या ओव्यांचेही असेच होते, पण तिथे एक चांगला दाखला तयार झाला आहे. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवण्यात आल्या. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदले जाते. गाणे ‘लोकांचे’ म्हणून सोडून न देता एका बाईच्या नावावर लावणे, ही साधी नोंद स्थानिक इतिहासात मोठा फरक करते.

छावणीतल्या स्त्रिया

उल्हासनगरचा प्रश्न वेगळा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत ठेवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. ज्यांचे गावच मागे राहिले, त्यांच्या जुन्या नोंदीही तिकडेच राहिल्या. इकडे नव्याने झालेल्या कागदांत कुटुंबप्रमुखाचे नाव पुढे राहिले. ज्या सिंधी स्त्रियांनी स्वतः लिहिले, त्या उरल्या: हैदराबाद सिंधमध्ये जन्मलेल्या पोपटी हिरानंदानी यांच्या आत्मचरित्राला १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बराकीत पापड लाटून, शिवण करून संसार उभा करणाऱ्या बाईची हकिकत घरच्यांच्या बोलण्यातच राहिली. तिला आठवणाऱ्या मुली-सुनाही आता वृद्ध आहेत.

स्मरणाच्या रीती

स्मारक म्हटले की पुतळा डोळ्यांसमोर येतो. पण पुतळ्यांचा जगभरचा हिशेब स्त्रियांच्या बाजूने नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्ष होऊन गेलेल्या स्त्रियांचा पहिला पुतळा २६ ऑगस्ट २०२० रोजी बसला. महाराष्ट्रात संस्थेला नाव देण्याची रीत अधिक रुळली आहे. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. तिसरी रीत दिवसाची: त्यांची जयंती, ३ जानेवारी, बालिका दिन म्हणून पाळली जाते. या तिन्ही रीती मुळात माहीत असलेल्या नावांसाठी आहेत. विसरलेल्या नावासाठी आधी नाव सापडावे लागते.

म्हणून खरवईसारख्या गावात या कामाचा क्रम उलटा असतो. कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, फेरफार आणि हक्कसोडपत्रे यांतून नावे काढायची. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच ओळीत मांडायचे. धवला किंवा ओवी ध्वनिमुद्रित करताना गाणारीचे, ती जिच्याकडून शिकली तिचे आणि दोघींच्या गावांचे नाव घ्यायचे. विहीर, देऊळ वा शाळेला देणगी देणारी बाई ‘अमक्याची पत्नी’ म्हणून पाटीवर असेल, तर तिचे स्वतःचे नाव शोधून तिथे लावायचे. एकाच स्मृतीवर विसंबलेली माहिती दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायची, आणि जिवंत माणसांच्या घरगुती गोष्टी त्यांच्या संमतीशिवाय छापायच्या नाहीत. इतके झाल्यावर चौकाला कोणाचे नाव द्यायचे, याची चर्चा करायला गावाकडे एक यादी असते.