फ्रेंचमधील दोन सहाय्यक क्रियापदें

मुंबईच्या उपनगरांतील कित्येक विद्यार्थी शाळेंत अगर पुढें कॉलेजांत फ्रेंच भाषा घेतात. त्यांची पहिली मोठी अडचण भूतकाळापाशीं येते. बोलण्यांतील नित्याच्या भूतकाळास तेथें एक क्रियापद पुरत नाहीं. मुख्य धातूच्या भूतकालवाचक रूपापूर्वीं एक सहाय्यक क्रियापद यावें लागतें. अशीं सहाय्यकें दोन: 'आव्वार', म्हणजे जवळ असणें, आणि 'एत्र', म्हणजे नुसतें असणें. 'त्यानें खाल्लें' हें 'इल आ मांझे' असें आव्वारनें होतें. 'तो आला' हें 'इल ए व्हन्यू' असें एत्रनें होतें. कोणत्या धातूस कोणतें लावावें?

आमचे विद्यार्थी फ्रेंच शिकतात तें बहुधा इंग्रजीच्या द्वारें, आणि घोटाळा तेथेंच होतो. इंग्रजींत 'आय हॅव ईटन' आणि 'आय हॅव गॉन' यांस एकच सहाय्यक पुरतें. म्हणून मुलगा 'झे आले' असें बेधडक लिहितो. हवें असतें 'झ स्वी आले', म्हणजे 'मी गेलों'. (जाण्याला 'आले' म्हणणारी ही भाषा मराठी कानास प्रथम विनोदी वाटते.) इंग्रजींतही पूर्वीं 'ही इज कम' असें म्हणत, पुढें तो भेद मावळला. दहिसर ज्या साष्टी बेटाच्या उत्तर भागांत आहे, तें १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. त्यांच्या भाषेनेंही हा भेद टाकून एकाच सहाय्यकावर काम भागविलें आहे.

मराठीनें मात्र असाच एक भेद जपला आहे. आपण 'तो गेला' म्हणतों, पण 'त्यानें खाल्लें' म्हणतों. 'मी गेलों' आणि 'मीं खाल्लें' यांतील दुसऱ्या 'मीं'वरील अनुस्वार हीच तृतीयेची खूण होती. १९६२ च्या लेखननियमांनीं तो गेला. आम्हीं येथें मुद्दाम ठेविला आहे. तेव्हां फ्रेंच शिकतांना आपली मातृभाषा निरुपयोगी, हा समज आम्हांस मान्य नाहीं. वाक्य आधीं मराठींत म्हणून पाहावें. कर्त्यास 'नें' लागला, तर फ्रेंचमध्यें बहुतेक आव्वार येतें.

उलट बाजूनें मात्र ही कसोटी पुरत नाहीं. तो धावला, झोपला, हसला, यांत 'नें' नाहीं, तरी फ्रेंचमध्यें आव्वारच. एत्र घेणारे साधे धातू थोडेच आहेत: जाणें, येणें, पोहोंचणें, निघणें, आंत शिरणें, बाहेर पडणें, चढणें, उतरणें, पडणें, परतणें, राहणें, जन्मणें, मरणें, बनणें, आणि त्यांपासून झालेले कांहीं. धावणें ही जाण्याची रीत झाली. कोठें पोहोंचलों तें ती सांगत नाहीं, म्हणून ती या यादींत नसावी. मौज अशी कीं, संस्कृतांत 'सः गतः' असें कर्तरि रूप कोणत्या धातूंचें होतें हें सांगतांना पाणिनीनें (३.४.७२) गत्यर्थक धातू घेतले, आणि 'स्था', 'वस्', 'जन्' हे नांवानिशीं सांगितले. जाणें, राहणें, जन्मणें यांची ही सोबत दोन्हीकडे आढळते.

आतां खरी परीक्षा. 'ती दहिसरला उतरली': 'एल ए देसाँद्यू आ दहिसर'. 'तिनें पेटी खालीं उतरविली': 'एल आ देसाँद्यू ला व्हालीझ'. मराठींत धातूच बदलला. फ्रेंचनें धातू तोच ठेवून सहाय्यक बदललें, कारण दुसऱ्या वाक्यांत कर्म आलें. पण 'ती जिना उतरली' येथें सावध राहावें. मराठींत 'नें' नाहीं, तरी जिना हें फ्रेंचच्या दृष्टीनें कर्मच. म्हणून 'एल आ देसाँद्यू लेस्काल्ये'. 'मी पाणी प्यालों', 'मी धडा शिकलों', 'मी वही विसरलों' या वाक्यांचीही तीच गत. अशा ठिकाणीं 'नें' न पाहतां कर्म पाहावें.

लिंगवचनाचा नियमही आपल्या ओळखीचा आहे. एत्र असतां धातुसाधित कर्त्यामागें जातें, जसें 'तो गेला, ती गेली'. हा फरक पुष्कळदां लिहिण्यांतच दिसतो, ऐकूं येत नाहीं. आव्वार असतां तें कर्मामागें जातें, पण कर्म आधीं आलें असेल तरच. 'मीं पत्रें लिहिलीं' यांत 'झे एक्री दे लेत्र'; परंतु 'मीं लिहिलेलीं पत्रें' यांत 'ले लेत्र क झे एक्रीत', आणि तो शेवटचा 'त' स्पष्ट ऐकूं येतो. मूळ लॅटिन रचनेचा अर्थच 'मजपाशीं लिहिलेलीं पत्रें आहेत' असा होता. तेथें 'लिहिलेलीं' हें पत्रांचें विशेषण होतें.

राहिलीं तीं स्वतःवर उलटणारीं क्रियापदें. त्यांस नेहमीं एत्र लागतें, मग मराठींत 'नें' असो वा नसो. 'तिनें अंग धुतलें' यासाठीं फ्रेंच जणूं 'तिनें स्वतःस धुतलें' असें म्हणते, आणि धातुसाधित स्त्रीलिंगी लिहिते. पण 'तिनें हात धुतले' असें म्हणतांना तेंच धातुसाधित तसेंच राहतें, कारण येथें धुतले गेले ते हात, आणि फ्रेंच वाक्यांत ते मागून येतात.