चळवळीची सेवापुस्तिका कोण लिहिणार?

बौद्ध माणूस गेला की आपण त्याच्या नावाआधी 'स्वर्गीय' लिहीत नाही, 'कैलासवासी'ही लिहीत नाही. आपण 'कालकथित' लिहितो. हा नुसता शब्दांचा फरक नाही. वर कुठे स्वर्ग नाही, कैलास नाही आणि शरीर सोडून उडून जाणारा आत्माही नाही, हे तथागतांनी सांगितले आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते आपल्याला समजावून दिले. मग माणूस गेल्यावर मागे काय उरते? उरते ते त्याचे कम्म. परंतु कुणी काय केले हे सांगणारा कुणी असेल, लिहून ठेवणारा कुणी असेल, तरच ते पुढच्या पिढीला कळते. नाहीतर केलेले काम राहते आणि करणाऱ्याचे नाव पुसले जाते.

आपल्या वस्त्यांमध्ये काय होते ते पाहा. कुणी जुने कार्यकर्ते गेले की नाक्यावर फलक लागतो. वर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, मधोमध कालकथिताचा फोटो, खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा आणि त्याखाली शोकाकुल म्हणून पंचवीस-तीस नावे. पुण्यानुमोदनाला भन्तेजी येतात, त्रिसरण-पंचशील होते, चारजण दोन शब्द बोलतात. "दादांच्या जाण्याने चळवळीची कधीही भरून न येणारी हानी झाली" असे सगळेच म्हणतात. पण दादांनी नेमके काय केले, कोणत्या साली केले, कुणाबरोबर केले, हे क्वचितच कुणी सांगतो. आठ-पंधरा दिवसांत त्या फलकावर दुसरा फलक चढतो. दहा वर्षांनी नातवाला विचारले तर तो म्हणतो, "आजोबा चळवळीत होते." एवढेच! पन्नास वर्षांच्या कामाचे तीन शब्द होतात.

मी कारकून माणूस. सरकारी-निमसरकारी नोकरीत प्रत्येक कर्मचाऱ्याची सेवापुस्तिका असते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. रुजू कधी झाला, बदली कुठे झाली, वेतनवाढ कधी मिळाली, रजा किती घेतली, सगळ्याची त्यात नोंद. एक नोंद राहिली तर निवृत्तीवेतन अडकते. मग ज्यांनी पगार न घेता चळवळीची चाकरी केली, त्यांची सेवापुस्तिका कुठे आहे? ती कोण लिहिणार?

हा प्रश्न मनात ठेवून, अलीकडच्या काही वर्षांत आपल्यातून गेलेल्या पाच माणसांची आठवण करू या.

नाजाची गोष्ट

शांताबाई कृष्णाजी कांबळे २५ जानेवारी २०२३ रोजी गेल्या. शंभरी पूर्ण व्हायला पाच आठवडेच कमी होते. १ मार्च १९२३ चा त्यांचा जन्म, गाव सोलापूर जिल्ह्यातले महूद. ज्या काळात आपल्या मुलीने शाळेच्या आत बसणेसुद्धा गावाला खपत नव्हते, त्या काळात ही मुलगी शिकली आणि १९४२ साली सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली. पुढे पुण्याला अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि १९५७ साली जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले. गावोगावच्या शाळा तपासायला महाराची पोर साहेबीण होऊन आली, हे दृश्य त्या काळच्या माणदेशाने पाहिले.

पण एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर आज त्यांचे नाव फक्त घरच्यांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक असते. निवृत्त झाल्यावर इतर माणसे विसावा घेतात, शांताबाईंनी लेखणी घेतली. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. आपल्या समाजातील स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या काही आत्मकथनांत त्याची गणना होते. त्यात भूक आहे, शिवाशीव आहे आणि नवऱ्याने दुसरी बायको केल्यावरचे दुःखही आहे. घरातले दुःख त्यांनी झाकून ठेवले नाही. पुस्तकाचे नाव पाहा, 'जल्म'! आई-आजीच्या तोंडची भाषा त्यांनी पुस्तकी करून घेतली नाही. पुढे १९९० साली दूरदर्शनवर 'नाजुका' या मालिकेतून नाजाची ही गोष्ट घराघरात पोचली. पँथर आणि कवी प्रा. अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव. २००९ साली मुलाच्या मृत्यूचा घाव सोसूनही ही माउली पुढे तेरा वर्षे जगली.

आडनावाचा हिशेब

त्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, नागपूरला प्रा. कुमुद पावडे गेल्या. माहेरच्या त्या सोमकुवर. संस्कृत ही ज्यांची मिरास मानली जात होती, त्यांच्या अंगणात शिरून या मुलीने संस्कृतमध्ये एम. ए. केले. कौतुक झाले, सत्कार झाले, पण नोकरी काही मिळेना. मुलाखतीला गेले की नाव विचारत, जात कळे आणि चेहरे बदलत. पुढे मोतीराम पावडे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला, आडनाव बदलले, आणि मग नोकरीचे दार उघडले. पदवी तीच, माणूस तोच, ज्ञान तेच. बदलले होते फक्त आडनाव! 'अंतःस्फोट' या १९८१ सालच्या पुस्तकात हा सगळा अनुभव त्यांनी मांडला. ज्या शाळेतल्या गुरुजींनी भेदभाव न करता संस्कृत शिकवले, त्या गोखले गुरुजींबद्दलची कृतज्ञताही त्याच लिखाणात आहे. जे वाईट झाले ते लिहिताना जे चांगले मिळाले ते त्या विसरल्या नाहीत.

आजही आपल्या मुलामुलींना भाड्याने घर घेताना, मुलाखत देताना 'पूर्ण नाव' विचारले जाते. तेव्हा आपल्याला कळते की कुमुदताईंनी लिहिलेले पान अजून जुने झालेले नाही.

दोन दिवे, तीन आठवडे

२०२१ चा मार्च-एप्रिल महिना आठवा. करोनाची दुसरी लाट. माणसे जात होती आणि खांदा द्यायला चार माणसे मिळत नव्हती. त्याच काळात, २५ मार्च २०२१ रोजी, पुण्यात प्रा. विलास वाघ गेले. धुळे जिल्ह्यातून पुण्याला आलेला हा प्राध्यापक पत्नी उषाताईंबरोबर 'सुगावा प्रकाशन' चालवीत असे. फुले-आंबेडकरी विचारांची पुस्तके छापायला मोठे प्रकाशक कचरत होते, त्या काळात वाघ सरांनी ती छापली, आणि किंमत अशी ठेवली की कामगाराच्या खिशाला परवडावी. आपल्या कितीतरी घरांच्या फळीवर 'सुगावा'चे एखादे तरी पुस्तक असेल. आज काढून पाहा. प्रकाशकाचे नाव आपण सहसा वाचत नाही, या वेळी वाचा.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १३ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, नागपूरला वीरा साथीदार करोनाने गेले. 'कोर्ट' या मराठी चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे ही भूमिका केली होती. गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचे गाणे जबाबदार धरून त्याला कोर्टात खेचले जाते, अशी ती कथा. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताकडून तो पाठवला गेला. परंतु साथीदार हे काही नट म्हणून जगले नाहीत. ते कार्यकर्ते होते आणि 'विद्रोही' मासिकाचे संपादक होते. पडद्यावरचा शाहीर आणि वस्तीतला माणूस यांत फार अंतर नव्हते.

कासेगावच्या गेलबाई

त्याच वर्षी २५ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात डॉ. गेल ऑम्वेट गेल्या. १९४१ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जन्मलेली ही बाई महाराष्ट्रातल्या सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला आली. आपल्याच लोकांनी ज्या कागदांकडे दुर्लक्ष केले होते, ते जुने कागद आणि जुनी वर्तमानपत्रे तिने वाचली. त्यावर १९७३ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे डॉ. भारत पाटणकरांशी विवाह केला, १९८३ साली भारताचे नागरिकत्व घेतले आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाची खुर्ची सोडून कासेगावच्या घरात संसार मांडला. श्रमिक मुक्ती दलाच्या कामात, दुष्काळी भागातल्या कष्टकऱ्यांच्या आणि परित्यक्ता स्त्रियांच्या लढ्यात त्या उभ्या राहिल्या. फुले, बाबासाहेब आणि बुद्धधम्म यांवर त्यांनी इंग्रजीत जे लिहिले, त्यामुळे जगाच्या विद्यापीठांत आपली चळवळ अभ्यासाला गेली. सातासमुद्रापलीकडची बाई येऊन आपले कागद जपते, आणि आपण मात्र घर रंगवताना आजोबांची ट्रंक रद्दीवाल्याला देतो! याचा विचार व्हायला नको काय?

या पाचजणांत सारखे काय?

एक शिक्षिका, एक संस्कृतच्या प्राध्यापिका, एक प्रकाशक, एक कार्यकर्ता-नट, एक संशोधक. जाती वेगळ्या, गावे वेगळी, एकीचा तर देशही वेगळा. पण एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येकाने काम केले आणि कामाची नोंदही ठेवली. कुणी स्वतःचे लिहिले, कुणी दुसऱ्याचे छापले, कुणी पडद्यावर उभे केले. म्हणून आज त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिता येतात.

हा धडा आपल्याला नवा नाही. चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच कागद जमवायला सुरुवात केली. १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला आणि उरलेले आयुष्य त्याच कामाला वाहिले. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे धुळीतून बाहेर काढली, १९७९ साली शासनातर्फे पहिला खंड निघाला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव, घरोघर जाऊन चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या दोघी गेल्या नसत्या तर त्या बाया आपल्याबरोबर आपला इतिहास घेऊन गेल्या असत्या. कारण फलकावर नावे लागतात ती बहुधा पुरुषांची. परिषदेला आलेल्यांसाठी भाकऱ्या थापणारी, मोर्चात लेकरू काखेत घेऊन चालणारी, नवरा तुरुंगात असताना घर चालवणारी बाई फलकावर येत नाही.

वेळ थोडा आहे

वाचकहो, साधा हिशेब करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आईबापांचे बोट धरून गेलेले दहा वर्षांचे मूल आज ऐंशीच्या घरात आहे. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली, तेव्हा विशीत असलेला तरुण आज पासष्टी ओलांडून गेला आहे. करोनाने तर आपल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना एकाच वर्षात नेले. त्यांचे धड पुण्यानुमोदनही झाले नाही. जे गेले ते गेले. जे आहेत ते अजून दारात खुर्ची टाकून बसलेले आहेत, आणि आपण त्यांच्यासमोरून मोबाईल बघत जातो.

तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. येत्या पौर्णिमेला घरातल्या सर्वात वयस्क माणसाजवळ, मग ती आजी असो की आजोबा, वही घेऊन बसा. मूळ गाव कोणते? गाव का आणि कोणत्या साली सोडले? गिरणीत, रेल्वेत, गोदीत की नगरपालिकेत, पहिली नोकरी कोणती आणि पगार किती? धम्मदीक्षा कुठे घेतली? घरातले जुने देव कुणी काढले आणि त्या रात्री घरात काय झाले? बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिले काय? कोणत्या मोर्चात गेलात, तुरुंगवास झाला काय? वस्तीतले विहार कुणी बांधले, पहिली वर्गणी कुणी दिली? उत्तरे आजीच्या शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. शांताबाईंचा 'जल्म' आठवा. जमल्यास आवाजही मोबाईलमध्ये भरून ठेवा. जुने फोटो, पावत्या, पत्रके, सभासदपत्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मागे तारीख लिहा.

आणि पुण्यानुमोदनाच्या वेळी भांडी वाटण्यापेक्षा कालकथिताच्या जीवनाची चार पानांची पुस्तिका छापून वाटा. भांड्यावर कोरलेले नाव घासून जाते. छापलेली एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवा, एक गावच्या वाचनालयात द्या. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी अक्षराचे काम करावे, थोरांनी तारखा तपासाव्यात. यात कुणाची मोठी वर्गणी लागत नाही, एक वही आणि दोन संध्याकाळी लागतात.

कालकथित शांताबाई, कुमुदताई, वाघ सर, वीरा साथीदार आणि गेलबाई यांना विनम्र आदरांजली. त्यांच्या सेवापुस्तिका लिहिल्या गेल्या. आपल्या घरातली सेवापुस्तिका अजून कोरी आहे, आणि ज्यांच्याकडून ती भरून घ्यायची ते आज आहेत.

जयभीम!