छायाचित्रांचे आदान-प्रदान आणि समीक्षा : शिष्टाचाराचा विचार

प्रस्तावना

छायाचित्र काढणे आणि ते इतरांना दाखविणे या एकेकाळी भिन्न असलेल्या क्रिया आज जवळजवळ एकच झाल्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, युवा महोत्सवातील स्पॉट फोटोग्राफीची स्पर्धा, पक्षिनिरीक्षणाची सहल किंवा विभागाची क्षेत्रभेट, यांपैकी काहीही संपण्यापूर्वीच त्याची छायाचित्रे शेकडो व्यक्तींपर्यंत पोहोचलेली असतात. त्यांवर येणारे अभिप्राय मात्र बहुधा दोनच प्रकारचे असतात : 'अप्रतिम!' किंवा 'यात काय आहे?' पहिल्या अभिप्रायाने छायाचित्रकार काही शिकत नाही. दुसऱ्याने तो छायाचित्रे दाखविणेच सोडून देतो.

यावर उपाय म्हणून सौम्य भाषा वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. समीक्षेतील शिष्टाचार हा प्रामुख्याने क्रमाचा प्रश्न आहे : आधी पाहणे, मग जे पाहिले ते सांगणे आणि निर्णय सर्वांत शेवटी देणे. शिवाय या व्यवहारात छायाचित्रकार आणि समीक्षक एवढे दोनच पक्ष नसतात. चित्रात जी व्यक्ती दिसते ती तिसरा पक्ष असते, आणि तिचे मत सहसा कोणी विचारीत नाही.

पूर्वपीठिका

समूहात छायाचित्रे दाखवून त्यांवर चर्चा करण्याची प्रथा आंतरजालाने निर्माण केलेली नाही. मुंबईत 1854 साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली आणि तिने स्वतःचे नियतकालिकही काढले. अशा संस्थांच्या सभांमध्ये चित्रे मांडली जात आणि ती काढणाऱ्याच्या समक्षच त्यांची चर्चा होत असे.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणखी एक रीत रूढ झाली. सभासदांची छायाचित्रे एका पेटीत अथवा संचात घालून ती टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे पाठविली जात. प्रत्येक जण इतरांच्या चित्रांवर लेखी अभिप्राय देई आणि संच पुढे रवाना करी. ही व्यवस्था आजच्या समूहांच्या तुलनेने फार संथ होती, पण तिच्यात तीन गुण आपोआप आले होते. अभिप्रायाखाली नाव असे. आधीच्या सभासदांनी काय लिहिले आहे ते वाचावे लागे. आणि जो आज दुसऱ्याच्या चित्रावर लिहितो आहे त्याचे स्वतःचे चित्रही त्याच पेटीत असे. आज वेग वाढला तसे हे तिन्ही गुण गळून पडले. ते आता नियम करूनच परत आणावे लागतात. एक चित्र दाखविण्यापूर्वी इतरांच्या दोन चित्रांवर सविस्तर लिहावे, हा काही समूहांनी स्वीकारलेला नियम म्हणजे त्या जुन्या पेटीचेच नवे रूप होय.

निर्णयाची घाई : एक उदाहरण

आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने 1932 मध्ये इएर या गावी काढलेले एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. वरून पाहिलेला वळणदार जिना, त्याचा लोखंडी कठडा आणि खालच्या रस्त्यावरून वेगाने जाणारा एक सायकलस्वार एवढाच त्याचा ऐवज. जिना स्थिर, सायकलस्वार मात्र धूसर. 2006 मध्ये हे छायाचित्र कर्त्याचे नाव न सांगता 'फ्लिकर' या संकेतस्थळावरील एका समूहात मांडण्यात आले. चित्र ठेवावे की काढून टाकावे यावर सदस्यांनी मते द्यावीत, अशी त्या समूहाची रीत होती. सायकलस्वार धूसर आहे यांसारख्या तक्रारी झाल्या आणि चित्र काढून टाकण्याच्या बाजूने मते पडली.

ही घटना बहुधा विनोद म्हणून सांगितली जाते आणि 'सामान्यांना कला कळत नाही' असा तिचा अर्थ लावला जातो. तो अर्थ प्रस्तुत लेखकास मान्य नाही. थोर कलावंताचे चित्र नापसंत करण्याचा अधिकार कोणासही आहे. नाव कळल्यावर मत बदलणे हीदेखील काही समीक्षा नव्हे. त्या सदस्यांचे चुकले ते अन्यत्र. सायकलस्वार धूसर आहे हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. परंतु धूसरता पाहताक्षणीच तिला दोष ठरविण्यात आले. स्थिर जिन्याच्या वळणाशेजारी ती गतिमान धूसरता चित्रात काय कार्य करते, हा मधला प्रश्न विचारलाच गेला नाही. निरीक्षणावरून थेट निर्णयावर उडी घेतली की असे होते, मग चित्र कोणाचेही असो.

वर्णनाची पायरी

अमेरिकन कलाशिक्षक टेरी बॅरेट यांनी 'क्रिटिसायझिंग फोटोग्राफ्स' या 1990 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात समीक्षेच्या वर्णन, अर्थनिर्णयन, मूल्यमापन आणि सिद्धांतन अशा चार क्रिया सांगितल्या आहेत. अभिप्रायाच्या शिष्टाचारासाठी यांतील पहिली सर्वांत उपयुक्त आहे, आणि नेमकी तीच वगळली जाते. जे सर्वांना दिसते ते कशाला सांगायचे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात मात्र एकाच चित्राचे वर्णन दहा विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतल्यास ती वर्णने क्वचितच जुळतात.

वर्णन करताना काय पाहावे, यासाठी जॉन झारकॉव्हस्की यांच्या 'द फोटोग्राफर्स आय' (1966) या पुस्तकातील पाच मुद्दे आजही उपयोगी पडतात : प्रत्यक्ष वस्तू, तपशील, चौकट, काळ आणि दृष्टिस्थान. समजा, एका विद्यार्थिनीने आठवडी बाजारातील बांगड्यांच्या दुकानाचे छायाचित्र दाखविले आहे. 'रंग छान, पण रचना विस्कळीत' या अभिप्रायाचा तिला फारसा उपयोग नाही. त्याऐवजी असे म्हणता येईल : 'माझी नजर प्रथम डावीकडच्या निळ्या ताडपत्रीवर गेली, कारण ती चित्रातील सर्वांत उजळ जागा आहे. बांगडी भरणारे हात मला त्यानंतर दिसले. हात हा तुमचा विषय असेल, तर ताडपत्री त्याच्याशी स्पर्धा करते. दोन पावले उजवीकडे उभे राहिल्यास ती चौकटीबाहेर गेली असती का?' या अभिप्रायात स्तुती नाही आणि कठोरताही नाही. पाहणाऱ्याच्या नजरेचा प्रवास तेवढा सांगितला आहे, आणि हा प्रवास छायाचित्रकाराला एकट्याने कधीच कळत नाही, कारण चित्रात काय आहे हे त्याला आधीपासून ठाऊक असते. शेवटचा प्रश्नही खराच प्रश्न आहे. कदाचित उजवीकडे भिंत असेल.

आपल्याकडे समीक्षक अनेकदा प्राध्यापक आणि छायाचित्रकार विद्यार्थी असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. प्राध्यापकाने सर्वांत आधी निर्णय दिला की नंतरचे अभिप्राय त्याचेच प्रतिध्वनी ठरतात. म्हणून ज्येष्ठाने शेवटी बोलावे. हा संकेत साधा आहे, पण पाळला जाताना क्वचितच दिसतो.

दाखविणाऱ्याची कर्तव्ये

शिष्टाचाराचा सारा भार समीक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. एकाच प्रसंगाची चाळीस छायाचित्रे समूहात ओतणारा छायाचित्रकार निवडीचे स्वतःचे काम इतरांवर लादीत असतो. आपल्याला कशाबद्दल मत हवे आहे, हेही त्याने सांगितले पाहिजे. आजीचे अखेरचे छायाचित्र आठवण म्हणून दाखविणाऱ्याला प्रकाशयोजनेवर व्याख्यान नको असते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे चित्र कोणत्या प्रकारचे आहे याची प्रामाणिक नोंद. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत 2009 चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्रास मिळाले होते. तो लांडगा बहुधा माणसाळविलेला असल्याचा निष्कर्ष काढून परीक्षकांनी 2010 मध्ये ते चित्र अपात्र ठरविले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. 2016 मध्ये स्टीव्ह मॅक्करी यांच्या क्युबातील एका छायाचित्रात संगणकीय फेरफाराची खूण इटलीतील प्रदर्शनात एका प्रेक्षकाच्या लक्षात आली. त्यानंतर आपण स्वतःला दृश्यकथाकार मानतो, अशी भूमिका मॅक्करी यांनी मांडली. दृश्यकथाकार असण्यात गैर काही नाही. परंतु ती ओळख प्रेक्षकाला आधी हवी, चूक सापडल्यानंतर नव्हे. चित्रातील घटक हलविले, पुसले किंवा यंत्राकडून निर्माण करविले असतील, तर चित्राखाली एक ओळ लिहिणे पुरेसे असते.

दुसऱ्याचे चित्र परस्पर कातरून वा रंग बदलून 'असे हवे होते' म्हणून परत दाखविण्याची सवयही येथेच नोंदवावी लागेल. हेतू चांगला असला तरी आधी विचारावे. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, 1957 मधील कलम 52 समीक्षेसाठी न्याय्य वापरास मुभा देते. पण कलम 57 नुसार कृतीची विकृती कर्त्याच्या प्रतिष्ठेस बाधक ठरल्यास त्याला दाद मागता येते. पूर्वी छायाचित्राचे संरक्षण प्रकाशनापासून 60 वर्षे असे. 2012 च्या दुरुस्तीने ते कर्त्याचे आयुष्य आणि त्यानंतर 60 वर्षे असे झाले आहे. 'विद्यार्थ्याचा फोटो आहे, वार्षिक अंकात नावाशिवाय छापला तरी चालेल' ही समजूत कायद्याला धरून नाही.

तिसरा पक्ष

मॅक्करी यांनीच 1984 मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचे छायाचित्र काढले. जून 1985 च्या 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर ते आले आणि तिचे हिरवे डोळे जगभर पोहोचले. शरबत गुला हे तिचे नाव मात्र 2002 मध्ये तिचा शोध लागल्यावरच जगाला कळले, आणि तिनेही ते छायाचित्र तेव्हाच प्रथम पाहिले. सतरा वर्षे त्या चित्राच्या रंगसंगतीची, नजरेची, रचनेची चर्चा होत राहिली. चर्चेत नव्हती ती फक्त ती स्वतः. 2016 मध्ये बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात तिला अटक झाली, तेव्हा ती बातमी याच चेहऱ्यामुळे जगभर गेली.

आपली शिबिरे याहून लहान प्रमाणावर तेच करतात. ग्रामीण वस्तीत श्रमदान करताना घेतलेली छायाचित्रे अहवालात जातात, संकेतस्थळावर चढतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी जिओटॅग केलेली छायाचित्रे पुरावा म्हणून जोडण्याची पद्धत रूढ झाल्यापासून तर त्यांवर अक्षांश-रेखांश, दिनांक आणि वेळही छापलेली असते. आरोग्य तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीचा चेहरा आणि तिच्या वस्तीचे स्थान एकत्र प्रसिद्ध करण्याचे कोणतेही शैक्षणिक कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही. मूल्यांकनाच्या नस्तीतील चित्र आणि सर्वांसाठी खुले केलेले चित्र यांत भेद करणे हे महाविद्यालयाच्याच हातात आहे.

पक्षी-छायाचित्रणात हा धोका अधिक स्पष्ट दिसतो. घरट्याचे स्थान कळले की दुसऱ्या दिवशी तेथे दहा कॅमेरे उभे राहतात आणि पिलांना भरविणारे पक्षी जवळ यायला धजत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. म्हणूनच घरट्याच्या चित्रावर 'काय टिपलंय!' असे लिहिणारा समीक्षकही त्या गर्दीला निमंत्रणच देत असतो. अशा वेळी चित्र किती अंतरावरून काढले हा पहिला प्रश्न असावा, आणि स्थान काढून टाकण्याची विनंती दुसरी.

पक्षी संमती देऊ शकत नाही, माणूस देऊ शकतो; पण कॅमेरा समोर आल्यावर दिलेला होकार हा बहुधा पाहुण्याला दिलेला होकार असतो, प्रसिद्धीला नव्हे. यासाठी शिबिराच्या शेवटच्या दिवशी निवडक छायाचित्रांच्या छापील प्रती घेऊन विद्यार्थ्यांनी पुन्हा त्या घरी जावे. एका प्रतीचा खर्च किरकोळ असतो. चित्र हातात आल्यावर माणसे ती लक्ष देऊन पाहतात, हसतात, शेजाऱ्यांना दाखवितात, आणि यातले कोणते बाहेर दाखवू नये हेही सांगतात.