टर्बोवरचा आळ

ऑस्ट्रियातले इन्सब्रुक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि तिथून इटलीत उतरणारी ब्रेनर खिंड सुमारे १,३७० मीटरवर. मधला रस्ता पस्तीसेक किलोमीटरचा. उन्हाळ्यात या महामार्गावर उत्तर युरोपातून भूमध्य समुद्राकडे निघालेल्या मोटरहोमची रीघ लागते. ओटा, फ्रिज, पलंग, पाण्याची टाकी आणि घरची माणसे असा सगळा संसार घेऊन साडेतीन टनांची गाडी अर्धा तास सलग चढत राहते. अशाच चढावर अनेक चालकांना एकसारखा अनुभव येतो. गाडीची ओढ एकाएकी जाते. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन मिनिटाला तीनेक हजार फेऱ्यांच्या पुढे जायला तयार होत नाही आणि मालवाहू ट्रकच्या मागे रांगत जावे लागते. गाडी बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हा सुरू केली, की ती पहिल्यासारखी धावते. पुढच्या चढावर पुन्हा तेच.

या अवस्थेला 'लिंप मोड' म्हणतात. गाडी या अवस्थेत गॅरेजमध्ये आली की पहिला आळ येतो तो टर्बोवर. 'टर्बो गेला' हा निकाल द्यायला सोपा असतो आणि गाडीमालकाला फार महाग पडतो. नवा टर्बो आणि मजुरी मिळून खर्च सहज हजार युरोंच्या पुढे जातो. खरा दोष मात्र बऱ्याचदा एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत, सैल क्लिपमध्ये किंवा काजळीने जाम झालेल्या लिव्हरमध्ये असतो. तो मोजून, पायरीपायरीने शोधून काढणे ही एक स्वतंत्र कारागिरी आहे. आजच्या डिझेल गाड्यांना तिच्याइतकी गरज दुसऱ्या कशाचीच नाही.

वाया जाणाऱ्या धुराचे काम

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. विंटरथूरमध्ये जन्मलेल्या ब्यूखींनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग गरम धुराबरोबर बाहेर फेकला जातो. त्या धुराने एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, असा त्यांचा विचार. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच आकाराच्या इंजिनात जास्त इंधन नीट जळते. कल्पना कागदावरून प्रत्यक्षात यायला वीस वर्षे लागली. १९२५ मध्ये दहा सिलिंडरच्या जहाजी डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ही इंजिने बसवली गेली.

आजच्या छोट्या डिझेल इंजिनातला टर्बो तळहातावर मावेल एवढ्या चाकांचा असतो, पण त्याचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो. एका बाजूला सात-आठशे अंश सेल्सियसचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची थंड हवा, आणि मधल्या दांड्याला आधार फक्त इंजिन ऑइलच्या पातळ थराचा. त्यात आणखी एक सोय असते. धुराच्या चाकाभोवती छोट्या हलत्या पात्यांचे कडे असते. इंजिन हळू फिरत असताना पाती मिटून वाट अरुंद करतात, त्यामुळे थोडा धूरही वेगाने चाकावर आदळतो. इंजिनाचा वेग वाढला की पाती उघडतात. ही पाती हलवते एक लिव्हर, आणि लिव्हर ओढतो निर्वातावर चालणारा डबा किंवा छोटी विजेची मोटर. इंजिनाचा संगणक सेकंदाला अनेकदा दाब तपासत पात्यांना हुकूम देत असतो.

मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत ठरावीक वेळेपेक्षा जास्त तफावत राहिली, की संगणक ठरवतो: आता धोका पत्करायचा नाही. तो इंधन कमी करतो, बहुतेक गाड्यांत पाती उघडी सोडतो आणि टर्बोचा दाब जवळजवळ काढून घेतो. चालकाला याचा राग येतो, पण हा निर्णय शहाणपणाचा आहे. दाब कमी असताना पूर्ण इंधन दिले तर काळा धूर, धुराचे वाढते तापमान आणि धुराच्या वाटेवरची काजळीने भरत जाणारी गाळणी यांनी इंजिनाचे नुकसान होते. दाब प्रमाणाबाहेर गेला तर टर्बोचा वेग आणि सिलिंडरमधला ताण दोन्ही हाताबाहेर जातात. लिंप मोड इंजिनाचा जीव वाचवतो. त्यामुळे दिवा घालवण्याच्या मागे न लागता तो का लागला ते विचारावे.

मोटरहोमचा स्वभाव

युरोपातल्या मोटरहोमच्या खाली पाहिले तर बहुतेकदा फियाट ड्युकाटो सापडते. १९८१ मध्ये आलेली ही व्हॅन इटलीच्या आब्रुझ्झो प्रांतात, आतेस्साच्या 'सेवेल' कारखान्यात बनते. तिची तिसरी पिढी २००६ मध्ये आली. त्यातले २.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीच्या रूपात ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देते. टर्बोशिवाय एवढ्याच इंजिनाला साडेतीन टन घेऊन आल्प्स चढणे अवघड झाले असते.

मोटरहोमचे आयुष्य मालवाहू व्हॅनपेक्षा वेगळे असते. व्हॅन रोज धावते. मोटरहोम हिवाळाभर उभी असते. रबर वाळते, पात्यांच्या कड्यात काजळी घट्ट होते, लोखंडाला गंज धरतो. बॅटरी उतरते आणि कमी व्होल्टेजमुळे संगणकात भलत्याच दोषांची नोंद होते. जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये मार्टेन नावाचा मांजराएवढा प्राणी बॉनेटखाली शिरून नळ्या आणि वायरी कुरतडतो. मग पहिल्याच सहलीला तीच गाडी पूर्ण वजनानिशी, उंच कपाळाने वारा अडवत, घाटाला लागते. वर्षातला सर्वांत मोठा भार नेमका अशा दिवशी टर्बोवर येतो.

दुरुस्तीतही अडचण असते. सात मीटर लांब आणि तीन मीटर उंच गाडी नेहमीच्या कारच्या लिफ्टवर चढत नाही. घराचा भाग पुढे ओढलेल्या मॉडेलमध्ये बॉनेट एवढे लहान असते, की टर्बोपर्यंत हात पोहोचवायलाच अर्धा दिवस जातो. सुट्टीच्या हंगामात घाईने दिलेला निकाल इथे दुप्पट महाग पडतो.

आकडे काय सांगतात

युरोपात डिझेल कारना ओबीडी ही दोषनोंद व्यवस्था २००३ पासून बंधनकारक होत गेली. स्टिअरिंगजवळच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला की संकेतांक मिळतो. पी०२९९ म्हणजे दाब कमी पडला, पी०२३४ म्हणजे दाब प्रमाणाबाहेर गेला, पी००४५ म्हणजे टर्बोच्या नियंत्रणाच्या वायरिंगमध्ये दोष. हा संकेतांक तापासारखा असतो: अंगात काही बिघडले आहे एवढे तो नक्की सांगतो, आजाराचे नाव सांगत नाही. पी०२९९ वाचून टर्बो मागवणारा मेकॅनिक दाब कमी का पडला हा प्रश्नच विचारत नाही.

जाणकार कारागीर स्कॅनर लावण्याआधी चालकाला बोलते करतो. ओढ कुठे गेली, चढावर की सपाटीवर? कोणत्या गिअरमध्ये? फुसकारा किंवा नेहमीपेक्षा मोठी शिटी ऐकू आली का? धूर कोणत्या रंगाचा होता? काळा धूर हवा कमी पडल्याचा, निळा ऑइल जळत असल्याचा. मग तो संकेतांकासोबत साठवलेली त्या क्षणाची स्थिती उतरवून घेतो: इंजिनाचा वेग, भार, तापमान. नोंद पुसण्याआधी हे केले नाही तर सर्वांत मोलाचा पुरावा हातचा जातो.

पुढची चाचणी फुकटची आहे. चावी चालू, इंजिन बंद. या अवस्थेत इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रकिनारी तो सुमारे १,०१३ मिलिबार, ब्रेनर खिंडीत ८६० च्या आसपास. आकडा यापासून दूर असेल तर संशय आधी सेन्सरवर, त्याच्या वायरीवर आणि त्यावर साचलेल्या काजळीवर घ्यावा.

त्यानंतर गाडी रस्त्यावर न्यावी. एकाने चालवावे, दुसऱ्याने पडद्याकडे पाहावे. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांपासून चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि दोन रेषा नोंदवायच्या: मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. या आलेखाची भाषा शिकता येते. दाब वाढत जाईल तसे अंतर वाढत असेल आणि हवामापक सेन्सर भरपूर हवा आत गेल्याचे सांगत असेल, तर हवा वाटेत कुठेतरी निसटते आहे. कमी वेगात दाब येत नाही, जास्त वेगात येतो, तर पाती उघड्या अवस्थेत अडकलेली असण्याची शक्यता मोठी. मिळालेली रेषा मागितलेल्या रेषेवरून उसळून जाते आणि लगेच ओढ तुटते, तर पाती मिटलेल्या अवस्थेत चिकटताहेत. हवाही कमी, दाबही कमी आणि काजळीच्या गाळणीपाशी धुराचा दाब जास्त, तर पुढची वाटच तुंबली आहे.

स्वस्तापासून महागाकडे

आता हाताने तपासायचे. टर्बोच्या तोंडाला झाकण लावून हवेच्या वाटेत थोडा दाब किंवा धूर भरला, की गळती दिसते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि वळणाच्या आतल्या बाजूला चिरलेल्या असतात. गाडी उभी असताना ती चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते. नळीभोवती ऑइलचा ओलसर डाग हा तिचा नेहमीचा माग. मग निर्वाताच्या पातळ नळ्या आणि पाती चालवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह तपासायचा. हातपंपाने डब्यात निर्वात निर्माण केला की लिव्हर न अडखळता पूर्ण हलायला हवा आणि पंप सोडल्यावर निर्वात टिकायला हवा. त्यानंतर थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आणि काजळीची गाळणी. टर्बो उघडायचा तो या सगळ्यानंतर.

टर्बो खरोखर गेलेला असेल तरी तपास थांबत नाही. दांडा बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण तो ऑइलवर तरंगतो. पुढे-मागे हलणे किंवा पात्यांना घासल्याच्या खुणा म्हणजे अखेर. पण टर्बो क्वचितच आपणहून मरतो. जुने ऑइल, तुंबलेली पुरवठ्याची नळी किंवा फाटलेल्या एअर फिल्टरमधून आलेली धूळ त्याला मारते. ते कारण तसेच ठेवून बसवलेला नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. म्हणून ऑइलची नळी साफ करणे किंवा बदलणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे आणि सुरू करण्याआधी टर्बोत हाताने ऑइल भरणे, हे सर्व दुरुस्तीतच मोडते.

काही लक्षणे दिसली तर मात्र तपासाची वाट पाहू नये. लाल ऑइलचा दिवा, धातू घासल्याची किंकाळी किंवा दाट निळा धूर दिसताच इंजिन बंद करावे. फुटलेल्या टर्बोतून ऑइल इंजिनात शिरले तर डिझेल इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते आणि चावी बंद केली तरी बेभान फिरत राहू शकते.

हे सारे मराठी वाचकाला दूरचे नाही. याच मल्टिजेट घराण्यातले १.३ लिटरचे धाकटे इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात बनत होते आणि २०२० च्या बीएस-६ नियमांपर्यंत फियाट, टाटा, मारुतीच्या अनेक गाड्या त्याच्यावर धावल्या. त्याच्या ९० अश्वशक्तीच्या रूपात टर्बोला हलती पातीही होती. भारतात ओबीडी-२ व्यवस्था २०१३ पासून आली. कसारा किंवा खंबाटकी घाटात ओढ गेलेल्या डिझेल गाडीची तपासणीही याच क्रमाने व्हायला हवी.

म्हणून गाडीमालकाने बिलाआधी आलेख मागावा. 'टर्बो बदलावा लागेल' असे सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत: गळतीची चाचणी झाली का, आणि लिव्हर हातपंपाने हलवून पाहिला का? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही, उत्तर त्याच्या वहीत आधीच असते. त्याला मोजण्याच्या वेळेचे वेगळे पैसेही आनंदाने द्यावेत, कारण तपासाचा एक तास न विकत घेतल्यामुळेच लोकांच्या पदरी नको असलेला टर्बो पडतो. दुरुस्ती झाल्यावर गाडी तेवढ्याच वजनानिशी तशाच चढावर न्यावी. दिवा विझणे पुरेसे नाही, नोंद पुसली तरी तो विझतो. मागितलेला आणि मिळालेला दाब माथ्यापर्यंत एकमेकांना धरून चालले, तरच ते काम पूर्ण झाले असे मानावे.